सही ज्याची, हप्ता त्याचा

पाच हजार रुपये हातउसने मागितले तर सख्खा भाऊसुद्धा 'बघतो, पगार झाला की सांगतो' म्हणतो. तोच भाऊ पाच लाखांच्या कर्जाला जामीन राहायला मात्र रविवारी सकाळी चहा पिता पिता तयार होतो. खिशातून पैसे जाताना दिसतात, नाव जाताना दिसत नाही. या प्रकरणात बोलायचं आहे ते या दुसऱ्या व्यवहाराबद्दल. कर्ज एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात, आणि दोघंही एकाच घरातले.

असे व्यवहार घरोघरी आहेत. थोरल्याचा सिबिल स्कोअर खराब, म्हणून फ्रिजचा हप्ता धाकट्याच्या नावावर. मोबाइलच्या दुकानात 'शून्य टक्के व्याज' म्हणून पुढे केलेलं आईचं आधार आणि पॅन. वडिलांच्या क्रेडिट कार्डावर मुलासाठी काढलेलं ॲड-ऑन कार्ड. मेहुण्याच्या टेम्पोसाठी पतसंस्थेत जामीनदार म्हणून झेडपीच्या शाळेतले भाऊजी, कारण पतसंस्थेला जामीनदार पगारदारच लागतो. खेड्यापाड्यांत मायक्रोफायनान्सचं कर्ज तर जवळजवळ नेहमीच बाईच्या नावावर असतं. पाच-दहा जणींचा गट, एकमेकींची हमी, ठरल्या दिवशी केंद्रावर बैठक. पैसा घरी आला की तो नवऱ्याच्या बोअरवेलला, दिराच्या रिक्षाला नाहीतर नणंदेच्या लग्नाला लागतो. हप्त्याच्या दिवशी चारचौघींत मान खाली घालून बसायची वेळ मात्र तिच्यावर येते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे उत्पन्न मोजताना अख्खं कुटुंब मोजायचं, आणि थकलं की नाव निघतं ते तिच्या एकटीचं.

यातून बाहेर पडायचं तर आधी एक कडू घोट घ्यावा लागतो. पैसे कोणी उडवले याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं. 'कर्ज खरं तर दादाचं' हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण उंबऱ्याबाहेर त्या माहितीची किंमत शून्य. म्हणून वसुलीचा फोन आला किंवा नोटीस दारात पडली की दादाशी भांडायला बसण्याआधी एक गोष्ट शोधून काढायची: त्या कागदावर माझं नाव कशासाठी आहे? कर्जदार म्हणून, सहकर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून, मयताचा वारस म्हणून, की माझ्या नकळत कोणी घुसवलंय? पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर ठरते. घरातल्या बैठका मात्र नेमक्या हे सोडून बाकी सगळ्यावर रंगतात.

जामीनदारापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, त्याचा टेम्पो ओढून न्या, मग माझ्याकडे या,' असं प्रत्येक जामीनदार म्हणतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराच्या मागे लागून दमल्यावरच जामीनदाराकडे यावं, असं बंधन बँकेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' या खटल्यात हे स्पष्ट केलं. व्यवहारात तर उलटंच चालतं. मेहुण्याचा टेम्पो कुठल्या गावात उभा आहे हे कोणाला माहीत नसतं, भाऊजींचा पगार मात्र दर महिन्याला ठरलेल्या खात्यात येतो. वसुली अधिकारी तिकडे जाणार, जिकडे सापडण्याची खात्री आहे.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गाडी आणखी वेगाने धावते. पतसंस्थेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली ती निबंधकाकडे, म्हणजे बहुतेक वेळा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, अर्ज करते आणि वसुली दाखला मिळवते. बोलीभाषेत याला 'एकशेएकची कारवाई' म्हणतात. दाखला हातात पडला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. त्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम 154 प्रमाणे वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. चार लाखांच्या दाखल्याला आव्हान द्यायला दोन लाख रोख, तेही ज्याने एक रुपया वापरला नाही अशा माणसाने. म्हणून कलम 101 ची पहिली नोटीस आली त्याच दिवशी जागं व्हावं. सुनावणीला जाऊन खातेउतारा मागावा, आधीच भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या पुढे कराव्यात, व्याजाच्या आकारणीवर लेखी हरकत घ्यावी. नोटीस न स्वीकारणं, पोस्टमनला 'घरी नाहीत' सांगणं, हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. त्याने दाखला थांबत नाही, एकतर्फी निघतो एवढंच.

पगारावर किती हात पडतो, हेही माहीत असावं. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून जप्ती आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. 46 हजार पगार धरला तर जास्तीत जास्त 15 हजार कापता येतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी 24 महिन्यांहून जास्त काळ नाही. निवृत्तांचं पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांना जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. असे निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत टाकले तरी ते संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली म्हटलं आहे. पतसंस्थेची कपात मात्र वेगळ्या वाटेने येते. कर्ज देतानाच पगारातून कापून घेण्याचं संमतिपत्र लिहून घेतलेलं असतं आणि सहकार कायद्याचं कलम 49 त्याला बळ देतं. तुमच्याकडून कोणकोणत्या कागदांवर सह्या घेतल्या, त्यांच्या नकला मागून घ्या.

आता जामीनदाराच्या बाजूचं. त्याच्या हातात चार-पाच हक्क असतात आणि जवळजवळ कोणीच ते वापरत नाही. भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याचं कलम 145 देतं. पैसे भरले की बँकेकडे असलेलं तारण, म्हणजे त्या टेम्पोवरचा बोजासुद्धा, जामीनदाराच्या बाजूला येतं. कलम 146 प्रमाणे दुसरा जामीनदारही सारख्याच हिश्श्याला बांधील असतो. भाऊजींच्या पगारातून दोन लाख गेले असतील तर दुसऱ्या जामीनदाराकडे ते एक लाख मागू शकतात, मग तो कितीही मोठा नातलग असो. बँकेने जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर कलम 133 खाली त्यापुढच्या व्यवहारांपुरती सुटका मागता येते. भावाच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटसारख्या चालू हमीत, पुढच्या व्यवहारांपुरती हमी काढून घेत असल्याची नोटीसही देता येते. मात्र बँकांच्या छापील करारात यातले काही हक्क आधीच सोडून दिलेले असतात आणि न्यायालयं ती सोडचिठ्ठी मानतात. सही करायच्या आधी ते बारीक अक्षर कोण वाचतं!

वारसाचा मामला वेगळा आहे. बापाचं कर्ज मुलाने फेडलंच पाहिजे, नाहीतर बापाला गती नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की दहाव्याच्या आधीच बँकेचा माणूस दारात येतो आणि मुलगा 'फेडीन' म्हणून लिहूनही देतो. जुन्या हिंदू कायद्यात मुलाचं हे धार्मिक कर्तव्य न्यायालयंही मानत. 2005 च्या दुरुस्तीने ते संपलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6(4) प्रमाणे, 9 सप्टेंबर 2005 नंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ या कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर कोर्टात जाता येत नाही. वारस बांधील असतो तो मयताची जेवढी मालमत्ता त्याच्या हातात आली तेवढ्यापुरताच. वडिलांच्या मागे चाळीस हजारांची ठेव आणि अडीच लाखांचं कार्डाचं देणं राहिलं असेल, तर जबाबदारी चाळीस हजारांची. घर गहाण असेल तर बोजा घराबरोबर येतो, तो टळत नाही. पण वारसाने स्वतःच्या सहीने नवं लिहून दिलं की कर्ज त्याचं स्वतःचं झालं असं बँक म्हणणार. तेरा दिवस कशावरही सही करू नका. आणि त्या कर्जाला विमा जोडलेला होता का, हे आधी विचारा. कर्ज देताना विम्याचा हप्ता कापून घेतलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

आता घरातल्या ज्या माणसाला काहीच माहीत नव्हतं त्याच्याकडे येऊ. तो फोन येईपर्यंत थांबला तर उशीर होतो, म्हणून आपला पतमाहितीचा रिपोर्ट पाहण्याची सवय हवी. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यांनाच सरसकट सिबिल म्हणतो. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट दिला पाहिजे, असा नियम आहे.

रिपोर्ट उघडला की सगळ्यांची नजर 300 ते 900 मधल्या त्या एका आकड्यावर खिळते. तो सोडून खाली या. प्रत्येक कर्जाचा एक चौकोन असतो: देणाऱ्याचं नाव, कर्जाचा प्रकार, कधी उघडलं, मूळ रक्कम किती, आज बाकी किती. त्यातच खातं कोणत्या प्रकारचं ते लिहिलेलं असतं. 'इंडिव्हिज्युअल' म्हणजे तुमचं एकट्याचं, 'जॉइंट' म्हणजे सहकर्जदार, 'गॅरेंटर' म्हणजे जामीनदार. वर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर इथे छापील मिळतं. त्याखाली महिन्यामहिन्यांची पट्टी असते. '000' म्हणजे हप्ता वेळेवर, '030' म्हणजे तीस दिवस थकलेला, नव्वदच्या पुढे गेलं की खातं बुडीताच्या यादीत. मेहुण्याने कोणत्या महिन्यापासून हप्ते सोडले, हे तो कबूल करो न करो, या पट्टीवर दिसतं. सगळ्यात शेवटी चौकशांची यादी येते, म्हणजे कोणत्या कंपनीने कधी आणि किती रकमेच्या कर्जासाठी तुमचा रिपोर्ट काढला. आईने आयुष्यात कर्जाचा अर्ज केला नसेल आणि तिच्या रिपोर्टात एका आठवड्यात सहा चौकशा असतील, तर घरातला कोणीतरी तिचा पॅन घेऊन ॲपमागून ॲप पालथं घालतोय असं समजा.

एप्रिल 2022 मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी ट्विटरवर जाहीर केलं होतं की त्यांच्या पॅनवर कोणीतरी अडीच हजारांचं कर्ज काढलं आणि त्यांचा स्कोअर बिघडला. परक्याला हे जमतं, तर घरच्याला काय कठीण? त्याला पॅन, आधार, जन्मतारीख शोधावी लागत नाही. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेला असतो आणि त्याचा पॅटर्न त्यानेच आईला बनवून दिलेला असतो.

इथे एक पेच आहे. डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घालून दिलं. मधल्या एजंटांना आवर घालायला हा नियम चांगला आहे. पण मुलाने आईच्या नावावर कर्ज काढलं तर पैसे आधी आईच्या खात्यात येतात आणि दोन मिनिटांत यूपीआयने त्याच्या खात्यात जातात. कंपनी आईला सांगते, 'पैसे तुमच्या खात्यात आले, ओटीपी तुमच्या नंबरवर गेला, आता आम्ही काय करणार?' तुम्हीच ओटीपी किंवा पिन कोणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, असा 2017 चा नियम अनधिकृत व्यवहारांबाबत आहेच. 'मुलगाच तर आहे' म्हणून सांगितलेला पिनही त्यात येतो.

त्यातल्या त्यात एक फट आहे. डिजिटल कर्जात किमान एका दिवसाची माघारीची मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड न लागता कर्ज रद्द होतं. आईच्या फोनवर 'अभिनंदन, आपलं कर्ज मंजूर' असा मेसेज दिसला तर तो जाहिरात समजून पुसू नका.

मुदत गेली असेल तर वाटा दोनच उरतात: तक्रार करायची किंवा पैसे भरायचे. 'काहीतरी करून नाव काढून टाका, पण पोराचं नाव कुठे येऊ देऊ नका' अशी तिसरी वाट घरचे वकिलाकडे, शाखाधिकाऱ्याकडे, ओळखीच्या पोलिसाकडे मागत फिरतात. ती नाही.

तक्रारीची वाट अशी जाते. आधी कर्ज देणाऱ्याला लेखी पत्र लिहायचं की हे कर्ज मी घेतलेलं नाही. अर्ज, करार, केवायसीची कागदं, फोटो आणि ज्या मोबाइल नंबरवरून व्यवहार झाला त्याची माहिती मागायची. सोबत पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवायची. रिपोर्टातली चूक 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 2024 पासून आहे. पण सिबिल स्वतः काही खोडत नाही. तुमची हरकत ते कर्ज देणाऱ्याकडेच पाठवतात, आणि तो 'कर्ज खरं आहे' म्हणाला की नोंद तशीच राहते. बँक किंवा वित्तकंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिच्याविरुद्ध निबंधकाचंच दार ठोठवायचं.

आणि या सगळ्यात कुठेतरी कर्ज देणारा म्हणतो, 'एफआयआरची प्रत आणा.' इथे बहुतेक घरं थांबतात. तोतयेगिरी, फसवणूक आणि खोटी सही हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठाण्यात पहिला प्रश्न येतो, 'कोणावर संशय?' काही जण 'अज्ञात इसमाविरुद्ध' तक्रार देऊन मोकळं व्हायला बघतात. तो शहाणपणा अंगाशी येतो, कारण पैसे कुठल्या खात्यात गेले हे यूपीआयच्या नोंदीवरून लगेच कळतं आणि मग आईच खोटी ठरते. 'घाबरवण्यापुरती तक्रार करू, नंतर मागे घेऊ' हाही बेत धोक्याचा. फसवणुकीचं प्रकरण कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटू शकतं, पण खोट्या सहीचा गुन्हा असा मिटवता येत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. तक्रार करायची तर पूर्ण खरी आणि शेवटपर्यंत न्यायची तयारी ठेवून.

माझं मत विचाराल तर एकाच निकषावर ठरवा: हे पहिल्यांदा झालंय की पुन्हा? ऑनलाइन जुगाराच्या, शेअरमधल्या ऑप्शन्सच्या नादाने पोरगा दुसऱ्यांदा आईच्या नावावर कर्ज काढतो, तेव्हा पैसे भरणं म्हणजे तिसऱ्या कर्जाची सोय करणं. त्या वेळी तक्रार करावी, कितीही जड गेलं तरी. पहिल्यांदा झालं असेल, रक्कम झेपणारी असेल आणि मुलगा कबूल करत असेल, तर भरून टाकण्यात गैर नाही. मात्र ते पैसे परत येतील असं धरून पुढचा हिशेब मांडू नका.

भरायचं ठरलं तर पैसे कर्ज देणाऱ्याच्या खात्यात थेट भरा, 'मी भरतो' म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. एकाच गोष्टीसाठी दोनदा फसायची ही हमखास जागा आहे. घरातल्या घरात लेखी कबुली घ्या: रक्कम, तारीख, महिन्याला किती देणार, खाली सही. घरात कागद करायला माणसं लाजतात, पण वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि तोंडी बोलणं तीन महिन्यांत बदलतं. अशा कागदाने बाकीच्या भावंडांपुढेही हिशेब स्वच्छ राहतो. आईने थोरल्यापायी तीन लाख घातले, हे वाटणीच्या वेळी धाकट्याला दाखवता आलं पाहिजे.

क्रेडिट कार्डाचं देणं असेल तर आधी तेच संपवा, बाकीचं नंतर. ॲड-ऑन कार्डाची जबाबदारी पूर्णपणे मूळ कार्डधारकाची असते. मुलाने उधळले तरी बिल वडिलांचंच. एक लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरा. व्याज 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630. महिन्याचे 4,130 रुपये नुसते व्याजात गेले. पाच टक्के 'किमान देय रक्कम' म्हणून पाच हजार भरले तर मुद्दल घटलं 870 रुपयांनी. वडील दर महिन्याला इमानेइतबारे पाच हजार भरत राहतात आणि वर्षाअखेरीस बहुतेक कर्ज तसंच उभं. यापेक्षा ठेव मोडणं परवडतं. ॲड-ऑन कार्ड त्याच दिवशी बंद करा. सगळी बाकी फेडल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि सात कामकाजी दिवसांत ते बंद झालं नाही, तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो.

'सेटलमेंट'चा फोन येईल: दीड लाखाचे ऐंशी हजार भरा, विषय संपवा. अगदीच नाइलाज असेल तर घ्या, पण रिपोर्टात ते खातं 'क्लोज्ड' दिसत नाही, 'सेटल्ड' दिसतं. पुढचा बँक मॅनेजर त्याचा अर्थ 'याने पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच लावतो. घर घ्यायचं स्वप्न असलेल्या तिशीतल्या बहिणीच्या नावावर तो डाग घेण्याआधी शंभर वेळा विचार करा. सत्तरीतल्या आजोबांना त्याचं फारसं काही नाही.

वसुलीवाल्यांना किती घाबरायचं? सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये, शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांपुढे बदनामी करू नये, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. शेजाऱ्यांना फोन जात असतील तर वेळ आणि नंबर टिपून ठेवा, मेसेज पुसू नका आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा.

नवराबायकोच्या कर्जाबद्दल एक परिच्छेद तरी लिहिलाच पाहिजे. महाराष्ट्रात 2021 पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, काही बँका व्याजही थोडं कमी लावतात. त्यामुळे बायकोचं नाव कागदावर येतं ही चांगलीच गोष्ट. पण कर्जाच्या कागदावर नाव असणं आणि खरेदीखतावर असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सहकर्जदार आहे पण मालक नाही, अशा कितीतरी बायका आहेत. त्यांनी हप्ते भरायचे आणि घर त्याचं! घटस्फोटाच्या हुकुमात 'हप्ते नवरा भरेल' असं लिहिलं तरी ते दोघांमधलं ठरलं. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती, ती दोघांनाही धरते. नाव कमी करायचं तर बँकेची लेखी संमती घ्यावी लागते, किंवा त्याने एकट्याच्या नावावर कर्ज नव्याने करून घ्यावं लागतं. हे तडजोडीवर सही करण्याआधी उरकायचं. बायकोचे दागिने तिला न विचारता गहाण टाकले असतील, तर स्त्रीधनावर तिचाच हक्क आहे, नवरा फार तर ते सांभाळणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितलंय. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात अशा आर्थिक छळाविरुद्धही दाद मागता येते. संयुक्त खात्याचा चेक वटला नाही तर ज्याने सही केली त्याच्यावरच चेकच्या कायद्यातल्या कलम 138 चा खटला होतो, दुसऱ्या खातेदारावर नाही. हा 2013 चा निकाल आहे. नवऱ्याच्या धंद्यासाठी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणाऱ्या बायकांना मात्र या निकालाचा उपयोग नाही, कारण सही त्यांचीच असते.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. 'येणे बाकी नाही' असा दाखला लेखी घ्या. कर्ज घेताना दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. बँक खात्यावरचा नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापून घेण्याचा आदेश, रद्द झाला का ते तपासा. मालमत्तेची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. आईच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर पाहा, आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, फोनचा पॅटर्न बदला आणि नवा पॅटर्न मुलाला सांगू नका. 'मिटवलं सगळं, काळजी करू नका' असा मेहुण्याचा फोन येईलही. दाखला हातात येईपर्यंत आणि रिपोर्टात 'क्लोज्ड' दिसेपर्यंत त्याच्या शब्दावर विसंबू नका.